भेटायचे असेल तर तिकीट काढा!

सत्तरी ओलांडलेल्या बायकांनी वर्षातून एकदा तरी थीम पार्कला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तिथे गेल्यावर शक्यतो कुठल्याही पाळण्यात बसू नये, हेही तितकेच स्पष्ट मत आहे!

हे वाक्य मी घरात म्हटले तेव्हा सूनबाई हसली, मुलाने वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे पाहिले, आणि धुणे वाळत घालणारी शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "बाई, मग तिथं जाऊन करणार काय तुमी?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, म्हणून हा लेख.

उत्तराचा पहिला भाग असा, की तिथे मैत्रिणींना भेटायचे. दुसरा भाग जरा लांबलचक आहे. मैत्रिणींना भेटायला घर, लग्न, देऊळ, दवाखाना अशा शंभर जागा असताना दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर जाऊन, पैसे मोजून, धडधडणाऱ्या रोलर कोस्टरखाली का भेटायचे?

आधी घराचे बघू. मैत्रीण घरी आली की काय होते, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ती येणार म्हणून आपण आदल्या दिवशी डाळ भिजत घालतो. ती दारात आली की पाणी, मग चहा, मग "जेवायलाच थांब गं". मग ती ओट्याजवळ उभी राहते आणि आपण पोळ्या लाटतो. तिचे निम्मे बोलणे कुकरच्या शिट्टीत जाते. जेवणे झाली की भांडी. भांडी झाली की ती घड्याळाकडे बघते, कारण तिची शेवटची एस.टी. असते. सहा तास ती आपल्या घरात असते आणि समोरासमोर बसून बोललेला वेळ धरला तर अर्धा तास भरत नाही. त्यातही शेजारच्या खोलीत मुलगा, सून, नातवंडे. मग गुडघ्यांविषयी बोलायचे, पावसाविषयी बोलायचे, सोन्याच्या भावाविषयी बोलायचे. ज्याच्यासाठी ती एवढी एस.टी. बदलत आली ते मनातच घेऊन परत जाते.

लग्नात तर आता लाऊडस्पीकरमुळे नुसत्या माना हलवायच्या. "बरी आहेस ना?" "हो, तू?" झाली भेट! उरले दहावे-तेरावे. आमच्या वयात खरे तर तीच मोठी भेटीची जागा झाली आहे. तिथे सगळ्या येतात, पण तिथे हसता येत नाही आणि हसल्याशिवाय आमची गप्पांची गाडी फलाट सोडत नाही.

म्हणजे अडचण जागेची नाही, यजमानपणाची आहे. कुणाच्याही घरी भेटलो की एक जण यजमान होते आणि ती त्या दिवसापुरती मैत्रीण उरत नाही. ज्या जागी कुणीच यजमान नाही, अशी जागा हवी.

तर आमची हकिकत. आम्ही पाचजणी. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी आम्ही तिथे बी.ए.ला होतो. आजूबाजूच्या खेड्यांतून मुलीने कॉलेजात जाणे ही तेव्हा चर्चेची गोष्ट असायची. आम्ही पदवीधर झालो ते १९७२, दुष्काळाचे वर्ष. रस्त्याच्या कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा बघत आम्ही शेवटची परीक्षा दिली. नंतर लग्ने झाली आणि पाचजणी पाच दिशांना गेलो. नावे लिहीत नाही, त्यांना आवडायचे नाही. गावावरूनच ओळख करून देते: ठाण्याची, चिंचवडची, साताऱ्याची, फलटणची आणि मी कोऱ्हाळ्याची. मी शाळेत शिकवले, ठाण्याची बँकेत होती, चिंचवडची आणि साताऱ्याची यांनीही नोकऱ्या केल्या. फलटणचीने आयुष्यभर शेत सांभाळले. डोके तिचे आमच्या सगळ्यांत तल्लख होते, हे इथे मुद्दाम नोंदवते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याच्या मैत्रिणीची नातवंडे आणि माझी नातवंडे या सगळ्यांना खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे होते. ठाण्याहून येणाऱ्यांना आणि पुण्याकडून जाणाऱ्यांना ती मधली जागा. चिंचवडचीला तर ती फारच सोयीची. फोनाफोनी झाली आणि ठरले. साताऱ्याची आणि फलटणची आदल्या रात्री चिंचवडला येऊन राहिल्या. आम्ही कोऱ्हाळ्याहून पहाटे साडेचारला निघालो. नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट, पुणे आणि मग द्रुतगती महामार्ग. अजून उजाडायचे होते, कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर होते आणि गाडीत नातू मला सांगत होता की 'नायट्रो' नावाच्या पाळण्यात माणूस उलटा होतो. मी म्हटले, माणूस उलटा व्हायला पाळणा लागत नाही रे बाबा, पेन्शनच्या कार्यालयात एक फेरी पुरते.

या उद्यानाविषयी थोडी माहिती, कारण शिक्षकाची खोड जात नाही. ते रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात आहे. मनमोहन शेट्टी यांनी ते उभे केले आणि एप्रिल २०१३ मध्ये ते लोकांना खुले झाले. पुढच्या वर्षी शेजारी पाण्याचे उद्यान झाले. २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आले. आमच्या पिढीच्या मनात असे ठिकाण म्हणजे एस्सेलवर्ल्ड, जे १९८९ मध्ये गोराईला सुरू झाले आणि जिथे होडीने जावे लागे. त्याआधी दिल्लीचे अप्पूघर होते, १९८४ चे. पुण्यात मात्र याच्या कितीतरी आधी, १९५६ मध्ये, पेशवे पार्कात फुलराणी सुरू झाली होती. मी शिकवत असताना शाळेच्या सहली पुण्याला न्यायचो तेव्हा शनिवारवाडा मुलांच्या लक्षात राहत नसे, फुलराणी राहायची. सहलीवरच्या निबंधात इतिहास चार ओळींत संपायचा आणि त्या छोट्या आगगाडीला पान भरून जागा मिळायची!

आत शिरल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत घराण्याची फाळणी झाली. नातवंडे आणि त्यांचे आईवडील एकीकडे पळाले. आम्ही पाचजणींनी एक सावलीतला बाक गाठला आणि पाण्याच्या बाटल्या मध्ये ठेवल्या.

इथे एक गंमत सांगते. अशा बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाणे आत नेता येत नाही. हे फोनवर कळले तेव्हा आम्ही सगळ्याजणी हिरमुसलो होतो. दिवाळीचे दिवस, घरी चकल्या-करंज्यांचे डबे भरलेले, आणि हात हलवत जायचे? ठाण्याचीने तर "निदान चिवड्याची पुडी पर्समधून नेते" असे ठरवलेच होते, तिच्या नातीने ती काढून घेतली. पण दुपारी लक्षात आले की आमच्या आयुष्यात हा पहिलाच दिवस होता, जेव्हा आम्ही पाचजणी एकत्र होतो आणि कुणीही कुणासाठी काही करून आणलेले नव्हते. कुणी वाढत नव्हते. कुणी "घे ना अजून एक" म्हणत नव्हते. कुणाची चकली मऊ पडली आणि कुणाची करंजी फुटली याची चर्चा नव्हती. जे मिळाले ते विकत घेतले, खाल्ले, ताटल्या उचलून टाकल्या. पाच मिनिटांत स्वयंपाकघर बंद! फलटणची म्हणाली, "अगं, मला आठवतंय तेव्हापासून मी आयतं असं पहिल्यांदाच खातेय." आम्ही हसलो खरे, पण ते हसण्यासारखे नव्हते.

दुसरी गोष्ट लिहायला थोडी संकोचाची, पण लिहितेच, कारण यावर कुणी लिहीत नाही. आमच्या वयाच्या बायका दिवसभरासाठी बाहेर का पडत नाहीत? गुडघे हे सांगायचे कारण. खरे कारण स्वच्छतागृह. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचे, ही आमची सवय आहे. आमच्या आयांची होती, आमची आहे. एस.टी. स्टँडवरची, मंगल कार्यालयातली, यात्रेतली सोय आठवली की तहान आपोआप मरते. इथे स्वच्छ सोय होती आणि बाकापासून फार लांब नव्हती, म्हणून आम्ही दिवसभर मनसोक्त पाणी प्यायलो आणि दिवसभर बसलो. तिकिटात काय काय येते याच्या जाहिराती असतात. माझ्या दृष्टीने निम्मे पैसे या एका गोष्टीत वसूल झाले.

आता पाळण्यात बसलोच नाही असे नाही. रक्तदाबाच्या, पाठीच्या सूचना नीट वाचून, जे झेपेल ते केले. 'आय फॉर इंडिया' म्हणून एक खेळ आहे. त्यात खुर्च्या वर उचलल्या जातात आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर आपण देशावरून उडत चाललो आहोत असे वाटते. साताऱ्याचीने माझा हात घट्ट धरला होता. भूगोल शिकवताना नकाशावर काठी फिरवली ती चाळीस वर्षे, आणि वरून बघायला मिळाले ते आता. 'राजासॉरस' नावाच्या होडीच्या खेळात मात्र आम्ही बसलो नाही, भिजायला होते म्हणून. पण नातवाला मी तिथे रांगेतच सांगितले की हा काही परदेशातला प्राणी नव्हे. राजासॉरस नर्मदेन्सिस हा आपल्याकडचाच डायनोसॉर, गुजरातेत खेडा जिल्ह्यात त्याचे अवशेष सापडले आणि २००३ मध्ये त्याचे नामकरण झाले. नातू म्हणाला, "आजी, सुट्टी आहे ना!" असो.

उरलेला सगळा वेळ आम्ही बाकावर होतो. आणि बाकाविषयी मला जे म्हणायचे आहे तोच या लेखाचा गाभा आहे.

थीम पार्क ही कल्पना जगात जिथून पसरली त्या डिस्नेलँडची गोष्ट अनेकांना माहीत असेल. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात फिरत्या घोड्यांवर बसायला घेऊन जात. मुली घोड्यांवर, आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसलेले. तिथे बसून त्यांना वाटले की मुलांना आणि मोठ्यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडले. म्हणजे हे अब्जावधी डॉलरचे सगळे प्रकरण बाकावर बसून कंटाळलेल्या एका बापाच्या डोक्यातून निघाले आहे. फक्त त्यांना बाकावरून उठावेसे वाटले, आणि आम्हाला तिथून उठावेसे वाटले नाही, एवढाच फरक. ते एकटे होते ना!

असे म्हणू नका की हे सगळे नवे आहे. आमच्याकडे जत्रा होती. चार पेट्यांचा लाकडी पाळणा, तो हाताने ढकलणारे दोन गडी, मौत का कुआँ, कासाराची दुकाने, गोडी शेव, रेवड्या. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी पोलादाचा महाकाय पाळणा उभारला, २६४ फूट उंच, ३६ डबे, एकेका डब्यात साठ माणसे, म्हणजे एका वेळी २,१६० माणसे वर. आमच्या पाळण्यात एका वेळी फार तर सोळा पोरे बसायची. पण किंकाळी तीच!

जत्रेचा खरा उपयोग मात्र पाळण्यापेक्षा वेगळा होता. जत्रेला सासुरवाशिणी माहेरी यायच्या. तारीख तिथीने ठरलेली, निमंत्रण लागत नसे, 'कशाला आलीस' असे कुणी विचारत नसे. घरी पाहुण्यांचा स्वयंपाक असायचाच, त्यातून बायांची सुटका नव्हती. पण संध्याकाळी छबिना निघाला की सगळ्या बाहेर पडायच्या आणि बांगड्यांच्या दुकानापाशी वर्षाचे बोलणे व्हायचे. हात कासाराच्या हातात आणि तोंड मैत्रिणीकडे. कासाराला सगळ्या गावाची गुपिते माहीत असायची ती काही उगीच नाही. आमच्या भागात करंज्याच्या सोमेश्वराला श्रावणातल्या सोमवारी गर्दी लोटते, तिथेही हेच. सोपानकाकांची पालखी आषाढात सासवडहून आमच्या बाजूने पंढरीला जाते, तेव्हा पाणी वाटायला उभ्या राहिलेल्या बायकांकडे नीट बघा. एक हात तांब्यावर, आणि गप्पा चालू.

म्हणजे माणसांना भेटायला तीन गोष्टी लागतात. ठरलेला दिवस, कुणाच्या मालकीची नसलेली जागा आणि बोलणे थांबले तर बघायला समोर काहीतरी. ही तिसरी गोष्ट लहान वाटते, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. नुसते समोरासमोर बसून "बोल आता" म्हटले तर माणूस बोलत नाही. वर्गातसुद्धा मुलाला उभे करून विचारले की तो गप्प होतो, आणि सहलीत खिडकीबाहेर बघता बघता सगळे सांगून टाकतो. जत्रेतला पाळणा आणि खोपोलीचा रोलर कोस्टर, दोघांचे आमच्यासाठी काम एकच होते. समोर काहीतरी फिरत ठेवणे.

साताऱ्याच्या मैत्रिणीचे यजमान २०२१ मध्ये कोरोनात गेले. त्या दिवसांत कुणालाच जाता आले नाही. दहाव्यालाही नाही. आम्ही फोन केले. फोनवर ती म्हणायची, "ठीक आहे गं मी." नंतर एकदा मी सातारला जाऊन आले, तेव्हा तिने मला कंदी पेढे दिले, मुलाच्या नव्या घराचे फोटो दाखवले, बसपर्यंत सोडायला आली. एक शब्द बोलली नाही. घरात सून होती, व्याही आलेले होते, ती यजमान होती.

त्या बाकावर, दुपारी साडेतीनच्या सुमारास, वरून नायट्रोची गाडी गेली, माणसांचा एकच ओरडा झाला आणि तो विरता विरता तिने बोलायला सुरुवात केली. रुग्णवाहिका कशी आली, त्यांनी चष्मा घरीच ठेवला, 'परत आल्यावर घेतो' म्हणाले, तो चष्मा अजून टीव्हीवर आहे. मधूनमधून वरून गाडी जायची आणि ती थांबायची. गाडी गेली की पुन्हा सुरू. एकदा तीही मोठ्याने रडली, आणि आजूबाजूला सगळेच ओरडत असल्यामुळे कुणी वळूनसुद्धा पाहिले नाही. आम्ही चौघी काही बोललो नाही. फलटणचीने फक्त तिची पर्स आपल्या मांडीवर घेतली, हात मोकळे व्हावेत म्हणून.

घरात रडले की सगळे घर गोळा होते. पाणी आणतात, "असं करू नका आई" म्हणतात, डॉक्टरला फोन करतात. मायेनेच करतात. पण साडेतीन वर्षांहून अधिक काळ एका बाईला मनासारखे रडायला जागा मिळाली नव्हती, आणि ती मिळाली ती थीम पार्कात. मौजमजेच्या जागी! यावर हसावे की विचार करावा, हे तुम्ही ठरवा. मी विचार करायचे ठरवले, म्हणून हे लिहिते आहे.

आता आक्षेप. पहिला पैशाचा, आणि तो खरा आहे. पेन्शन असणारीलाही हे तिकीट विचार करायला लावते. जिला पेन्शन नाही तिने काय करायचे? जत्रेला दार नव्हते. इथे दार आहे, आणि दारावर पैसे आहेत. जे जत्रा सगळ्यांना द्यायची ते हे उद्यान काहींनाच देते, हे मी नाकारणार नाही. आमच्यापुरता मार्ग फलटणचीनेच काढला, आमची भिशी सुरू केली. पाचजणी, दर महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये, वर्षाचे बारा हजार. हे पैसे फक्त भेटीसाठी, त्यातून कुणी साडी घ्यायची नाही. म्हणजे कुणी कुणाचे तिकीट काढले असे होत नाही. मैत्रीत उपकार शिरला की मैत्रीण पाहुणी होते.

दुसरा आक्षेप, "देवाला जा की, या वयात हे काय?" देवाला मी जाते, आणि आवडीने जाते. पण देवळात रांग पुढे सरकत असते, बसू देत नाहीत, आणि देवापुढे तक्रार करता येते, चेष्टामस्करी करता येत नाही.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेते, आणि तो सर्वांत मोठा आहे. एवढ्या लांब का जावे लागते? बारामती-इंदापूरकडच्या कुठल्याही गावात जाऊन बघा. पुरुषांना बसायला पार आहे, चहाची टपरी आहे, सोसायटीचे आवार आहे, सलूनचा बाक आहे. निवृत्त माणूस सकाळी नऊला घरातून निघतो, दुपारी जेवायला येतो आणि त्याला कुणी 'कुठे होतात' असे विचारत नाही. निवृत्त बाईने तसे करून दाखवावे! तिने पारावर पाच मिनिटे टेकले तर संध्याकाळपर्यंत निरोप घरी पोहोचतो. तिची जागा म्हणजे स्वतःची ओसरी, नाहीतर दुसरीची ओसरी. म्हणजे पुन्हा चहा, पुन्हा यजमान.

शहरांत निदान नाना-नानी पार्कांची कल्पना आली. गिरगाव चौपाटीवर झाले, इतरत्र झाले. खेड्यातल्या आजीला मोकळी हवा आहे असे गृहीत धरतात. हवा आहे हो, बाक नाही.

सरकारने प्रवासाची सोय मात्र केली आहे. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. मोफत आहे आणि २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. जायची सोय झाली. जाऊन बसायचे कुठे, एवढेच राहिले. माझे म्हणणे फार मोठे नाही. एक झाड, त्याखाली चार बाक, पाठ टेकायला आधार असलेले, जवळ एक स्वच्छ आणि कुलूप नसलेले स्वच्छतागृह, आणि ही जागा बायकांनी बसायची आहे अशी साधी पाटी. शाळेच्या कडेला, दवाखान्याच्या आवारात, कुठेही होईल. रोलर कोस्टर नसला तरी चालेल. समोर रस्ता असला म्हणजे बघायला पुष्कळ मिळते.

तोवर जिला जमेल तिने तिकीट काढावे. थीम पार्कच हवे असे नाही. आमच्या बारामती तालुक्यातच पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी सुरू केलेले कृषी पर्यटन आहे. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आल्यापासून अशी ठिकाणे आणखी लोकांना ठाऊक झाली. आमच्यासारख्या गावातल्या बायांना पैसे देऊन शेत बघायला जायचे म्हणजे गंमतच, पण शेत बघायचेच नाही, बसायचे आहे. आयते जेवण आणि दुसऱ्याचे झाड, एवढे पुरे.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना, अनुभवावरून. सणाचे ऐन चार दिवस टाळावेत आणि सुट्टीतलाही आडवार बघावा. चपला नकोत, पट्ट्याचे बूट घालावेत. दुपारच्या गोळ्या स्वतःच्या पिशवीत ठेवाव्यात, मुलाच्या नकोत, कारण मुलगा तेव्हा कुठेतरी उलटा लटकलेला असतो. मुलांना सांगावे की दर तासाला "आई, कंटाळलात का?" असे विचारायला येऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, परत निघण्याआधी पुढची तारीख ठरवावी. "भेटू या गं एकदा" म्हणून निघालेल्या बायका पुढे दहाव्यालाच भेटतात. हे वय तसे आहे.

आमची पुढची तारीख त्या दिवशी फाटकातून बाहेर पडतानाच ठरली. या वेळी ठिकाण निवडायचा अधिकार साताऱ्याचीला दिला आहे. तिने अजून सांगितलेले नाही. परवा फोनवर म्हणाली, "शोधतेय गं. एकच अट आहे, जवळपास काहीतरी आवाज करणारं पाहिजे."